फ्रिजमधला नळ आणि स्लॅबवरची टाकी

लग्नसराई सुरू झाली की आमच्याकडे तालुक्याच्या गावातल्या दुकानांपुढे फ्रिजची खोकी रचलेली दिसू लागतात. अलीकडे त्यांतल्या बऱ्याच फ्रिजच्या दारावर एक खाच असते, त्या खाचेत पेला धरला की गार पाणी पडते, आणि दुकानदार त्याला 'ऑटोमॅटिक पाणी' म्हणतो. ज्या घरात नळाला एक दिवसाआड तासभर पाणी येते आणि उरलेला वेळ स्लॅबवरच्या टाकीवर काढावा लागतो, त्या घरातली बाई मग अगदी नेमका प्रश्न विचारते: "पण याच्यात पाणी येते कुठून?" या प्रश्नाला दुकानात धड उत्तर मिळत नाही. उत्तर समजून न घेता घेतलेला महागडा फ्रिज स्वयंपाकघरात तळे करून बसतो, हे मी माझ्या आत्याच्या घरी पाहिले आहे. म्हणून हा विषय मुळापासून सांगण्याचा प्रयत्न करतो.

एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू

फ्रिजमधून पाणी देणाऱ्या व्यवस्थेला डिस्पेन्सर म्हणतात. मात्र या एका शब्दाखाली तीन अगदी निराळ्या रचना विकल्या जातात, आणि माझ्या मते निम्मा गोंधळ तिथेच होतो.

पहिली रचना सर्वांत साधी आहे. दाराच्या आतल्या बाजूला दोन ते चार लिटरची प्लास्टिकची टाकी असते, तिच्या बुडाशी स्प्रिंगची तोटी असते आणि तोटीचे तोंड दारातून बाहेर काढलेले असते. पेल्याने दट्ट्या मागे ढकलला की तोटी उघडते आणि पाणी आपल्याच वजनाने खाली पडते. तिला वीज लागत नाही, नळ लागत नाही. माठाला बसवलेल्या तोटीचेच हे रूप आहे. टाकी अर्थातच रोज हाताने भरावी लागते.

दुसरी रचना नळजोडाची. फ्रिजच्या मागून पाव इंची, म्हणजे साधारण पेन्सिलीएवढी जाड नळी आत येते. तिच्या वाटेवर विजेवर उघडणारी एक झडप, एक फिल्टर आणि पाणी गार होण्यासाठी थांबण्याची जागा असते. बटण दाबले की झडप उघडते आणि मागचे पाणी पुढच्या गार पाण्याला ढकलून बाहेर काढते.

तिसऱ्या रचनेत नळ दारावर नसून फ्रिजच्या आत असतो. एका कप्प्यात जग ठेवायची जागा केलेली असते. रिकामा जग तिथे ठेवून दार लावले की तो आपोआप भरतो आणि भरला की पाणी आपोआप थांबते. खऱ्या अर्थाने 'ऑटोमॅटिक' हा शब्द शोभतो तो याच रचनेला, आणि अभियंत्याची सर्वाधिक परीक्षाही हीच घेते.

पाणी गार व्हायला वेळ का लागतो

पुष्कळांची समजूत अशी असते की नळी फ्रिजमधून गेली की तिच्यातले पाणी जाता जाता गार होते. प्रत्यक्ष हिशेब वेगळा आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने उतरवायचे, तर त्यातून सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. मे महिन्यात स्लॅबवरच्या काळ्या टाकीतले पाणी ४० अंशांवर असते असे धरू आणि ते ८ अंशांवर आणायचे आहे असे समजू. मग दर लिटरमागे ३२ अंशांची, म्हणजे सुमारे १३४ किलोज्यूल उष्णता बाहेर फेकावी लागेल. घरचा फ्रिज सेकंदाला साधारण १०० ज्यूल उष्णता उपसतो असे मानले आणि त्याने दूध, भाजी, विरजण यांकडे ढुंकूनही न पाहता फक्त या एका लिटरवर सगळी ताकद लावली, तरी बावीस मिनिटे लागतील. वास्तवात उष्णतेला पाण्यातून प्लास्टिकमध्ये, प्लास्टिकमधून हवेत आणि हवेतून गार नळ्यांपर्यंत असा टप्प्याटप्प्याने प्रवास करावा लागतो, त्यामुळे बावीस मिनिटांचे काही तास होतात.

म्हणून कोणताही डिस्पेन्सर पाणी 'त्या क्षणी' गार करत नाही. तो आधी गार करून ठेवलेले पाणी देतो. बहुतेक नळजोड फ्रिजमध्ये हा साठा लिटरभराच्या आसपासचा असतो. सोंगणीहून एकदम सहा माणसे घरात आली, तर चौथ्या-पाचव्या पेल्यानंतर पाणी कोमट येणारच. तो बिघाड नव्हे.

हा लहान साठा कसा घडवायचा, यात रचनाकाराचे कसब दिसते. साधी डबी ठेवली, तर बाहेरून येणारे गरम पाणी आतल्या गार पाण्यात मिसळते आणि दुसऱ्याच पेल्यापासून गारवा उतरू लागतो. त्याऐवजी लांब नळी वेटोळी करून ठेवली, तर तिच्यात पाणी रांगेने पुढे सरकते. जिनिंगपुढे कापसाच्या गाड्या उभ्या असतात तेव्हा जी आधी आली ती आधी आत जाते, मागची गाडी पुढचीला ओलांडत नाही. तसेच वेटोळ्यात होते. गार पाणी संपेपर्यंत गारच येते आणि मग एकदम कोमट सुरू होते. मला ही दुसरी रचना अधिक पटते, कारण तिच्यात पिणाऱ्याला साठा संपल्याचे लगेच कळते.

साठा फार गार जागी ठेवूनही चालत नाही. पाणी गोठताना आकाराने सुमारे नऊ टक्के फुगते, आणि बर्फाच्या कप्प्यालगत बसवलेली नळी एका रात्रीत उकलते. त्यामुळे वेटोळे बहुधा भाजीच्या कप्प्यामागे, शून्याच्या खाली न जाणाऱ्या जागी बसवतात.

आता 'दार उघडावे लागत नाही म्हणून विजेची मोठी बचत होते' या दाव्याकडे पाहू. दोनशे लिटरच्या फ्रिजमधली सगळी हवा एकदा बाहेर पडून तिथे चाळीस अंशांची कोरडी हवा भरली, तर ती पुन्हा गार करायला सुमारे सात ते आठ किलोज्यूल लागतात. एका लिटर गरम पाण्याला लागतात १३४. म्हणजे एक लिटर पाणी गार करणे हे जवळजवळ अठरा वेळा दार उघडण्याइतके आहे. दार न उघडल्याने बचत होते हे खरे, पण ती किरकोळ आहे; विजेचा खरा खर्च पाण्याचा आहे. उपसलेल्या उष्णतेच्या मानाने फ्रिजला दीडपट ते दुप्पट कमी वीज लागते असे धरले, तर रोज दहा लिटर पाण्यासाठी सुमारे पाव युनिट, महिन्याला सात-साडेसात युनिटे होतात. हा खर्च फार नाही, पण तो आहे.

कधी थांबायचे, हे यंत्राला कसे कळते

पाणी सुरू करणे सोपे असते, थांबवणे अवघड. हे विदर्भातल्या माणसाला वेगळे सांगायला नको, कारण प्रत्येक घरात कूलर आहे आणि पुष्कळ कूलरच्या टाकीत फ्लोट आहे. टाकीत पाणी चढले की प्लास्टिकचा गोळा वर उचलला जातो आणि त्याची दांडी नळी बंद करते. एप्रिलमध्ये तो चोख काम करतो; मेअखेर दांडीवर क्षाराचे पांढरे पापुद्रे बसतात, गोळा खालीच अडकतो आणि सकाळी अंगणात चिखल दिसतो. आपोआप भरणाऱ्या जगाची सगळी समस्या या एका उदाहरणात आली.

जगाच्या बाबतीत यंत्राला दोन गोष्टी कळाव्या लागतात: जग जागेवर आहे की नाही, आणि तो भरला की नाही. पहिलीसाठी बहुधा जगाच्या बुडात छोटे लोहचुंबक बसवतात आणि फ्रिजच्या भिंतीआड रीड स्विच ठेवतात. हा स्विच म्हणजे काचेच्या बारीक नळीत बंद केलेल्या, चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या धातूच्या दोन पात्या. चुंबक जवळ आले की पात्या चिकटतात आणि मंडल पूर्ण होते. काचेत बंद असल्याने त्याला ओलावा बाधत नाही, हा त्याचा मोठा गुण.

दुसरी गोष्ट अनेक मार्गांनी करता येते. जगातच चुंबक लावलेला फ्लोट ठेवता येतो, म्हणजे कूलरचीच युक्ती. किंवा जगाच्या भिंतीबाहेर धातूच्या पट्ट्या बसवून, समोर हवा आहे की पाणी हे त्यांच्यात साठणाऱ्या विद्युतभारावरून ओळखता येते. या बाबतीत पाण्याचा गुणधर्म हवेच्या सुमारे ८० पट असल्याने फरक ठळक दिसतो. जगाला कुठेही स्पर्श न करता पातळी कळते, हे या पद्धतीचे सौंदर्य आहे. मात्र भिंतीला आतून ओल चिकटून राहिली, विशेषतः खाऱ्या पाण्याची, तर यंत्राला जग भरल्याचा भास होतो.

आता या दोन चुका शेजारी ठेवून पाहा. फ्लोट खाली अडकला, तर यंत्र भरलेल्या जगात पाणी ओतत राहते. पट्टीला भास झाला, तर ते वेळेआधी थांबते आणि जग अर्धाच भरतो. दुसऱ्या चुकीत घरच्यांची चिडचिड होईल, पहिल्या चुकीत फरशीवर पाणी येईल. रचना करताना कोणता भाग कधीच बिघडणार नाही हे शोधण्यापेक्षा, बिघडल्यावर कोण कमी नुकसान करील हे पाहून निवड करणे अधिक शहाणपणाचे, असे माझे ठाम मत आहे.

तरीही एकाच पहारेकऱ्यावर घर सोडू नये. म्हणून चांगल्या रचनेत घड्याळाचाही पहारा असतो. दोन लिटरचा जग भरायला मिनिटाला एक लिटरच्या हिशेबाने दोन मिनिटे लागत असतील, तर तीन मिनिटे होताच झडप बंद करायची, मग पातळीचा निरोप येवो अथवा न येवो. त्याखाली शेवटची सोय म्हणून जगाच्या जागेला थोडा उतार देऊन सांडलेले पाणी, बर्फ वितळल्यावरचे पाणी जिथून जाते त्याच नाळीत सोडतात. ते मागे कॉम्प्रेसरवरच्या तबकडीत पडून उष्णतेने वाळते. तबकडी मात्र लहान असते. ती पेलाभर पाणी सांभाळील, वाहता नळ सांभाळू शकणार नाही.

झडप दाबावर चालते, आणि दाब आपल्याकडे नाही

आत्याच्या घरची गोष्ट इथे येते. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या आतेभावाने मोठ्या हौसेने तिला नळजोडाचा फ्रिज पाठवला, आणि तो बसवणाऱ्याने त्याची नळी स्लॅबवरच्या टाकीच्या पाइपला जोडून दिली. पहिल्या दिवसापासून पेला भरायला दोन-तीन मिनिटे लागत. आठवडाभरात रात्री दाराच्या खाचेतून थेंब पडू लागले, आणि एका पहाटे चुलीपर्यंत ओल गेली. झडप दोनदा बदलून झाली, तरी फरक पडला नाही. आत्या मला म्हणाली, "बापू, बटन तर कोनी दाबलं नाही, मग हे पानी कुठून येऊन रायलं?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर झडपेच्या पोटात आहे. या झडपेला सोलेनॉइड झडप म्हणतात. तारेच्या गुंडाळीत वीज सोडली की आतली लोखंडी कांडी वर ओढली जाते. पण ही बारीक कांडी एवढ्या पाण्याला स्वतः अडवत नाही. अडवते ती रबराची एक चकती. चकतीच्या कडेला सुईच्या टोकाएवढे भोक असते, त्यातून थोडे पाणी चकतीच्या वरच्या बाजूला शिरते आणि तेच पाणी चकतीला खाली दाबून धरते. कांडी वर उचलली की वरचे पाणी मधल्या भोकातून निसटते, वरचा दाब उतरतो आणि चकती उघडते. वीज बंद केली की कांडी ते मधले भोक झाकते, वर पुन्हा पाणी साठते आणि चकती लागते. म्हणजे पाण्याला अडवण्याचे काम पाण्याचाच दाब करतो. वावटळीत वारा जितका जोराचा, तितके दार घट्ट लागते. मंद झुळुकीत तेच दार किलकिले राहते. झडपेचे अगदी असेच आहे.

आता हा दाब मोजू. पाण्याचा दहा मीटर उंच खांब सुमारे एक बार दाब देतो. बऱ्याच नळजोड फ्रिजच्या माहितीपत्रकात किमान २० पीएसआय दाब मागितलेला असतो. पीएसआय हे दाबाचेच दुसरे माप असून, २० पीएसआय म्हणजे सुमारे १.४ बार. म्हणजेच टाकीतले पाणी झडपेपेक्षा चौदा मीटर, सुमारे सेहेचाळीस फूट उंच हवे. ही जवळपास गावच्या जलकुंभाची उंची झाली. मी गवंड्याचा ओळंबा मागून घेतला आणि आत्याच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून फ्रिजमागच्या झडपेपर्यंत दोरी मोजली. ती भरली तेरा फूट. म्हणजे ०.४ बार, हव्या त्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. झडप उघडून पाहिली, तेव्हा रुपयाच्या नाण्याहून जराशी मोठी ती चकती माझ्या तळहातावर होती आणि तिच्या बारीक भोकात बोअरच्या पाण्यातला रेतीचा एक कण रुतलेला होता. दाब कमी आणि त्यात वाट बुजलेली. चकती घट्ट लागणार कशी? बदललेल्या दोन्ही झडपा निर्दोष होत्या, दोष जोडणीच्या विचारात होता.

'आता तर घरोघरी नळ आले आहेत' असे यावर कोणी म्हणेल. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण घराला दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे माप ठरवले, आणि त्याने कित्येक बायांच्या डोक्यावरची गुंडी खाली उतरली, हे मोठेच काम आहे. पण ते माप पाण्याच्या प्रमाणाचे आहे. नळजोडाचा फ्रिज मागतो तो दाब, आणि तोही रात्री-अपरात्री, कोणी पेला धरील त्या क्षणी. दिवसाआड तासभर येणारा नळ कितीही जोराचा असला, तरी ही मागणी तो पुरवू शकत नाही.

घरी आरओ आहे, त्याची नळी जोडली तर? भिंतीवरच्या आरओच्या टाकीतून पाणी केवळ वजनाने खाली उतरते, त्यामुळे तिथला दाब स्लॅबवरच्या टाकीहूनही कमी असतो. तेवढ्या बळावर झडप नीट चालत नाही. मधे पंप लागतोच.

टिल्लू पंप आणि उलटे ओढले जाणारे पाणी

काही जण फ्रिजची नळी सरळ गावच्या नळाच्या पाइपला जोडतात. यात एक धोका आहे, आणि तो एका घरापुरता राहत नाही. नळ आला की गल्लीतली दोन-चार घरे टिल्लू पंप लावतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पंप पाइपातले पाणी ओढतो तेव्हा शेजारच्या जोडण्यांत पोकळी तयार होते आणि जिथून मिळेल तिथून पाणी मागे खेचले जाते. जगात बुडालेली नळी असेल, तर उष्टे पाणी तिच्यातून उलटे गावाच्या पाइपात जाऊ शकते.

उपाय अगदी साधा आहे. भरणाऱ्या नळीचे तोंड जग काठोकाठ भरला तरी पाण्याला शिवणार नाही इतके वर ठेवायचे. मधे हवेचे अंतर असले की ओढली जाते ती हवा. डवरलेल्या माठात पाइप सोडून ठेवू नये असे जुनी माणसे सांगत, त्यामागेही हेच कारण आहे. शिवाय वाटेत पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप लावतात, पण तिच्यात रेती अडकू शकते. हवेच्या अंतरात काहीच अडकत नाही.

फिल्टर आहे, मग खारे पाणी गोडे होईल का

होणार नाही. फ्रिजमधला फिल्टर बहुधा कोळशाचा असतो. तो क्लोरीनचा वास, रंग आणि गढूळपणा काढतो, पाण्यात विरघळलेले क्षार काढत नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे; तिथल्या विहिरीचे पाणी कोळशातून कितीही वेळा गेले तरी खारेच राहील. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे, तेही या फिल्टरला जुमानत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार विरघळलेल्या एकूण घटकांचे, म्हणजे टीडीएसचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालते. फ्लोराइडसाठी हेच आकडे १ आणि १.५ आहेत. आपल्या पाण्याची तपासणी करून घेतल्याशिवाय फ्रिजमधल्या फिल्टरवर विसंबणे म्हणजे डोळे मिटून पाणी पिणे आहे.

आणखी एक बाब फारशी कोणी सांगत नाही. कोळसा क्लोरीन काढतो, आणि क्लोरीन तर पाण्याचा राखणदार असतो. तो गेल्यावर फिल्टरच्या पुढच्या नळीत साठलेले पाणी उघडे पडते. थंडीत जंतू हळू वाढतात हे खरे, पण दारातल्या नळीचा शेवटचा वीतभर भाग आणि तिचे तोंड खोलीच्याच उन्हाळ्यात असते. आठवडाभर गावाला जाऊन आल्यावर पहिला लिटर-दीड लिटर झाडांना घालावा. दारातल्या टाकीच्या फ्रिजमध्ये टाकी सुटी करून आठवड्यातून एकदा आतून घासावी. तोटीच्या रबरी वायसरमागे बोट फिरवले आणि बुळबुळीत लागले, तर धुण्याला उशीर झाला आहे असे समजावे.

वीज गेली तर

विजेवरची झडप वीज नसताना बंद राहील अशीच घडवलेली असते, आणि ते बरोबर आहे. नाहीतर दिवे गेले की घरभर पाणी झाले असते. पण याचा दुसरा अर्थ असा की वीज गेल्यावर नळजोडाचा फ्रिज पाणीही देत नाही. दारातल्या टाकीतले पाणी मात्र अंधारातही पडते आणि काही तास गारही राहते. जिथे वादळ आले की रात्रभर लाइन बंद असते, तिथे हा फरक लहान नाही.

शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज उतरते. तेव्हा झडपेची कांडी पुरती ओढली जात नाही, ती नुसती घरघरते आणि गुंडाळी तापते. त्यामुळे स्टॅबिलायझर फक्त कॉम्प्रेसरसाठी लागतो असे समजू नये. जग अर्धा भरला असताना वीज गेली, तर परत आल्यावर यंत्राने भरणे जिथे सोडले तिथून मुकाट पुढे सुरू करू नये. जग जागेवर आहे का, पातळी किती आहे, हे नव्याने पाहून मगच झडप उघडावी. मधल्या काळात घरातल्या कोणी जग उचलून नेलेला असतो.

माठ असताना हे कशाला

हा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. माठातून झिरपलेले पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी वाळायला सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात, म्हणून दहा लिटरच्या माठातून केवळ दोनशे मिलिलिटर वाळले, तरी उरलेले पाणी दहा-अकरा अंशांनी उतरू शकते. विदर्भाचा मे कोरडा असल्याने इथे माठाला जे साधते ते कोकणात साधत नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर गेलेला असताना माठातले पाणी पंचविशीच्या आसपास असते, आणि त्यासाठी एक पैसाही वीज लागत नाही. त्याहून फार खाली मात्र माठ जाऊ शकत नाही, आणि पावसाळी दमट हवेत तर त्याचा गारवा बराच कमी होतो.

पण या दोघांत एकाचीच निवड का करावी? टाकीतले ४० अंशांचे पाणी सरळ फ्रिजमध्ये ओतले, तर ३२ अंश उतरवावे लागतात. तेच आधी माठात २५ पर्यंत येऊ दिले, तर फ्रिजला उरतात १७. काम जवळजवळ निम्मे होते, वेळही कमी लागतो आणि शेजारचे दूधही तापत नाही. दांड्याच्या ओगराळ्याने, हात न बुडवता माठातले पाणी दारातल्या टाकीत भरणे, ही आपल्या हवेला साजेशी सर्वांत चांगली पद्धत आहे असे मला मनापासून वाटते. आणि याच कारणासाठी, ज्या घरात अखंड दाबाचे पाणी नाही तिथे मी दारातल्या टाकीचाच फ्रिज घ्या असे सांगतो. घेताना टाकी पूर्ण सुटी होते का, तिच्या तोंडातून हात आत जातो का आणि तोटीचे वायसर वेगळे मिळते का, एवढे पाहून घ्यावे.

ज्यांच्या घरी नळजोडाचा फ्रिज आलेलाच आहे, त्यांच्यासाठी वाट आहे. आत्याच्या घरी आम्ही स्लॅबवरून येणारी नळी काढून टाकली. ओट्याखाली वीस लिटरचा जार ठेवला आणि आरओत असतो तसला छोटा पंप बसवला, जो चार-पाच बारपर्यंत दाब देतो. फ्रिजची झडप उघडली की नळीतला दाब उतरतो आणि पंप चालू होतो. झडप लागली की दाब चढतो आणि पंप थांबतो. जार रिकामा झाल्यावर पंप कोरडा फिरून जळू नये म्हणून जारमध्ये एक छोटा फ्लोट सोडला आहे. तो अडकला तरी फार तर पंप जळेल, पाणी सांडणार नाही. पंपाच्या आधी रेती अडवणारी बारीक जाळी लावली.

या उन्हाळ्यात ती झडप एकदाही गळली नाही. जार रात्री दहानंतर भरायचा, कारण तोवर स्लॅबवरची टाकी निवलेली असते, हे आत्याने स्वतःच शोधून काढले. जाळी दर पंधरा दिवसांनी निघते, आणि प्रत्येक वेळी तिच्यात चिमूटभर रेती सापडते.